टेबल गोठतंय, बेरीज चुकतेय, चार्ट कोरा: दूध संकलनाची माहिती एक्स्ट जेएसमध्ये दाखवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निपाणीकडच्या एका दूध संस्थेचं संकलन वेबवर आणायचंय. बेळगावच्या तुमच्या ऑफिसकडे एक्स्ट जेएसचं, म्हणजे वेब पडद्यांसाठीच्या तयार जावास्क्रिप्ट टूलकिटचं, लायसन्स आधीपासून आहे, म्हणून ग्रिड (ओळी-कॉलमचं टेबल) आणि चार्ट त्यातच केलेत. तीनेकशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळची नोंद, आणि सेक्रेटरींना वर्षभराचं सगळं एका पडद्यावर हवंय. ग्रिड उघडलं की ब्राउझर गोठतो. पेजिंग, म्हणजे थोड्या-थोड्या ओळींची पानं, लावून बघितलं, तर चार्टही तेवढ्याच पानाचा दिसायला लागला. रक्कम मोठीपासून लहान लावली की ९८ रुपये १,२५० च्या वर जाऊन बसतात, तळाला बेरजेऐवजी आकड्यांची लांबलचक माळ येते आणि फॅटचा चार्ट कोराच राहतो. तर एक्स्ट सोडून एजी ग्रिड किंवा टॅब्युलेटर यांसारखं दुसरं ग्रिड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नको. जिथे न्याल तिथे हीच दुखणी तुमच्याबरोबर येतील, कारण ती टूलकिटची नाहीतच. तुम्ही पाठवलेला जेसनचा, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला पाठवतो त्या माहितीचा, तुकडा बघितला. त्यात रक्कम आहे ती रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे अशी सजून आलेली. फॅटच्या पुढे टक्क्याचं चिन्ह आहे, तारीख ‘१ एप्रिल’ अशी अक्षरांत आहे. सेक्रेटरींना आकडे मराठीत हवे होते, म्हणून सर्व्हरवरच सगळं नटवून पाठवलंत, हे उघड आहे. फॅट मोजायच्या मशिनमध्ये आधी साखर घातलेलं दूध लावावं तसं ते झालंय. पुढचं प्रत्येक मोजमाप चुकणारच. ब्राउझरपर्यंत पोचते ती रक्कम नाही, रकमेचं चित्र आहे. चित्रांची बेरीज होत नाही.

आता एकेक बघू. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘१२’ हा आकडा म्हणून कळत नाही. संख्येत बदलायला सांगितलं की ती ‘एनएएन’ देते, म्हणजे ‘ही संख्या नाही’. एक्स्टच्या अंकी फील्डमध्ये थोडी सोय आहे. डॉलरचं चिन्ह, स्वल्पविराम आणि टक्का ते आपणहून काढून टाकतं. पण रुपयाचं चिन्ह त्या यादीत नाही, आणि देवनागरी आकड्यांचा तर प्रश्नच नाही. त्यातून तुमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदीत कोणकोणती फील्ड आहेत ते सांगणाऱ्या व्याख्येत, फील्डचा प्रकारच लिहिलेला नाही, त्यामुळे ते ‘ऑटो’ धरलं जातं आणि आलं तसं मजकूर म्हणून ठेवलं जातं. मजकुराचं सॉर्टिंग अक्षरामागून अक्षर होतं, म्हणून ‘९’ने सुरू होणारं ‘१’ने सुरू होणाऱ्याच्या वर. मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं, म्हणून ती माळ. आणि चार्टच्या अंकी अक्षाला एकही संख्या मिळत नाही, म्हणून कोरा चार्ट. तीन तक्रारी, कारण एकच.

उपाय कंटाळवाणा आहे पण पक्का आहे. सर्व्हरने रक्कम पैशांत, पूर्णांकात पाठवावी. ३१२ रुपये ५० पैसे म्हणजे ३१२५०. लिटर आणि फॅट साधे दशांश, चिन्ह-बिन्ह काही नाही. रुपयांचे दशांश दोन लाख वेळा मिळवत गेलात तर कुठेतरी पैशाचा फरक पडू शकतो, आणि दूध संस्थेत एका पैशाचा फरकही वार्षिक सभेत उभा राहतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. मॉडेलमध्ये प्रत्येक फील्डला प्रकार लिहा: पूर्णांक, दशांश, तारीख. मग रुपयाचं चिन्ह आणि मराठी आकडे ही सगळी सजावट कॉलमच्या रेंडररमध्ये, म्हणजे सेलमध्ये काय दिसावं ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये, अगदी शेवटच्या क्षणी. चार्टमध्ये तेच काम अक्षाचा आणि टूलटिपचा रेंडरर करतो. आत संख्या, बाहेर रूप.

रेंडररसाठी ब्राउझरमधलंच इंटल नंबरफॉर्मॅट, म्हणजे भाषेनुसार आकडे मांडायची सोय, वापरा. भाषा ‘एमआर-आयएन’ दिली की १२३४५६७ चं १२,३४,५६७ होतं, आकडेही देवनागरी आणि स्वल्पविरामही आपल्या लाख-कोटींच्या हिशेबाने. एक्स्टचं स्वतःचं नंबर फॉरमॅट हजारांच्या गटाने तोडतं, म्हणजे १,२३४,५६७. ते बघून सेक्रेटरी बोट ठेवून मोजायला लागतात. फक्त फॉरमॅटर प्रत्येक सेलला नव्याने तयार करू नका. एकदा बनवून बाजूला ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा, वेगात फरक जाणवतो.

आपल्या भागात याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. चिकोडी-निपाणी पट्ट्यात पडदा मराठीत हवा असतो, पण लेखापरीक्षणाला जाणारा कागद कन्नडमध्ये. तुमच्या आजच्या पद्धतीत त्यासाठी सर्व्हरवर दुसरा सेट करावा लागेल. संख्या संख्याच ठेवलीत तर फक्त रेंडररची भाषा बदलते. गंमत म्हणजे ‘केएन-आयएन’ दिलं तर आकडे इंग्रजीच येतात. कन्नड आकडे हवे असतील तर ‘यू-एनयू-केएनडीए’ अशी पुरवणी जोडावी लागते. मराठीचं उलटं, तिथे देवनागरी आपोआप येतात आणि इंग्रजी आकडे मागून घ्यावे लागतात. हे आधी सेक्रेटरींना विचारून घ्या. मी बघितलंय की बऱ्याच संस्थांत नावं मराठीत हवी असतात, पण आकडे इंग्रजीच बरे वाटतात, कारण काट्यावर आणि फॅट मशिनवर तेच दिसतात.

सजावटीचा हा नियम शब्दांनाही लागू आहे. पाळीचा कॉलम बघा. ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ हे शब्दच साठवलेत ना? मग तारीख आणि पाळी असं सॉर्टिंग लावून बघा, संध्याकाळ आधी येईल. ‘स’ नंतर एकात अनुस्वार आहे, दुसऱ्यात ‘क’, आणि युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक ‘क’च्या आधी. सेक्रेटरी विचारणार, “सकाळच्या आधी संध्याकाळ कसं काय आलं ओ?” पाळी १ आणि २ अशी साठवा, शब्द रेंडररमध्ये.

नावांचा क्रम हाही असाच प्रकार. साधं सॉर्टिंग ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’च्या मधे टाकतं, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. उत्पादकांच्या यादीसाठी मराठीचं इंटल कोलेटर, म्हणजे भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारी सोय, घ्या आणि सॉर्टरच्या फंक्शनमध्ये तेच द्या.

गावनिहाय चार्टचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, पण तिथे खड्डा आहे. गट नावावर पाडू नका. ‘निपाणी’ आणि ‘निप्पाणी’, ‘अक्कोळ’ आणि ‘आक्कोळ’, एकच गाव दोन खांबांत वाटलं जातं आणि दोन्ही खांब ठेंगणे दिसतात. बेळगावचंच घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’, आपल्या तोंडी आणि जुन्या नोंदीत ‘बेळगाव’, काही ठिकाणी ‘गा’वर अनुस्वार दिलेलं ‘बेळगांव’. शिवाय वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप केलेल्या नावात न दिसणारी जोडचिन्हं येतात. डोळ्यांना दोन शब्द अगदी सारखे, संगणकाला वेगळे. प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक द्या. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत गावांचे क्रमांक तयारच आहेत, नवीन शोधायची गरज नाही. नाव हे त्या क्रमांकाचं रूप, आणि ते मराठीत दाखवायचं की कन्नडमध्ये ते पुन्हा रेंडरर बघेल.

तारखेबद्दल थोडं सांभाळून. नुसती ‘२०२४-०४-०१’ अशी अक्षरं जावास्क्रिप्टच्या डेटला दिली, तर ती ग्रिनिचची मध्यरात्र समजली जाते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. दाखवताना काही बिघडत नाही. उलट्या बाजूने मात्र बिघडतं. फॉर्ममधून निवडलेली १ एप्रिलची तारीख ही इथली मध्यरात्र असते, आणि ती आयएसओ रूपात सर्व्हरला पाठवली की ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा होतात. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे लगेच लक्षातही येणार नाही. या दिवशी मात्र नव्या आर्थिक वर्षाचं पहिलं दूध जुन्या वर्षात जमा होतं. तारखेच्या फील्डला वाचायचं आणि लिहायचं, दोन्ही स्वरूप ‘वाय-एम-डी’ असं स्पष्ट द्या, म्हणजे वेळेचा संबंधच येत नाही.

आता गोठण्याकडे. तीनशे उत्पादक, दिवसाला दोन नोंदी, म्हणजे रोज ६०० आणि वर्षाला २,१९,०००. एवढ्या ओळी जेसनमधून आणणं हेच जड आहे, पण गोठायचं मुख्य कारण बहुधा वेगळं आहे. एक्स्टच्या पाचव्या आवृत्तीपासून ग्रिडमध्ये बफर्ड रेंडरर आपोआप चालू असतो. दिसतात तेवढ्याच आणि आजूबाजूच्या थोड्या ओळी तो पानावर ठेवतो, स्क्रोल केलं की त्याच जागा नव्या मजकुराने भरतो. अट एकच, ग्रिडला स्वतःची ठरलेली उंची हवी. तुम्ही ग्रिड स्क्रोल होणाऱ्या पॅनलमध्ये नुसतं सोडलंय, उंची नाही आणि ग्रिडला पॅनलभर बसवणारा ‘फिट’ लेआउटही नाही. मग ग्रिड आपल्या मजकुराएवढं उंच वाढतं, बफर्ड रेंडररच्या मते सगळ्याच ओळी दिसत असतात, आणि तो त्या सगळ्या मांडायला बसतो. आधी बाहेरच्या पॅनलला ‘फिट’ लावा आणि त्याचं स्क्रोल काढून टाका. एवढ्यानेही बराच फरक पडेल.

त्याच वेळी ओळींची उंचीही एकसारखी ठेवा. लांब नाव दोन ओळींत मोडू दिलंत तर स्क्रोलला उड्या बसतात. आणि मूळ उंची लॅटिन अक्षरांच्या मानाने बेतलेली असते. वेलांटी, रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. ओळ थोडी उंच करा आणि ‘र्कू’, ‘ट्ठी’ असली अक्षरं टाकून तपासा.

पण वर्षाच्या दोन लाख ओळी एका ग्रिडमध्ये हव्यातच कुणाला? हे खरोखर परिस्थितीवर आहे. सेक्रेटरींचं रोजचं काम दहा दिवसांच्या बिलाचं असेल, तर त्या काळाच्या ६,००० ओळी होतात. तेवढ्या खुशाल एकदम ब्राउझरमध्ये आणा, सॉर्ट, फिल्टर, बेरीज सगळं तिथेच करा, जुन्या संगणकावरही चालेल. लेखापरीक्षकाला वर्षभराच्या नोंदी चाळायच्या असतील, तर वेगळा पडदा द्या. तिथे बफर्ड स्टोअर, म्हणजे लागतील तशा नोंदी सर्व्हरकडून आणणारा साठा, आणि सॉर्ट-फिल्टर सर्व्हरकडे. मात्र मग बेरीजही सर्व्हरनेच पाठवली पाहिजे. एक्स्टची समरी ओळ फक्त आपल्यापाशी आलेल्या नोंदींची बेरीज करते. पान २५ ओळींचं असेल तर २५ ओळींची. त्या आकड्याला कुणी वर्षाची बेरीज समजलं तर मोठा घोळ होईल. बेरीज सर्व्हरच्या उत्तरातून वाचायला ‘रिमोट रूट’ नावाची सोय त्या समरी फीचरमध्ये आहे, ती वापरा.

चार्ट एका पानापुरता दिसतो त्याचं कारणही इथेच. ग्रिड आणि चार्ट दोघांना तुम्ही एकच स्टोअर दिलंय. छोट्या माहितीत हे छान चालतं, ग्रिडमध्ये दुरुस्ती केली की चार्ट लगेच हलतो. पण ग्रिडवर पेजिंग किंवा फिल्टर लावलं की चार्टही तेवढाच उरतो. दहा दिवसांच्या पडद्यावर मूळ स्टोअर एक ठेवा आणि ग्रिडला त्याचं चेन्ड स्टोअर द्या. नोंदी त्याच, पण फिल्टर आणि क्रम ज्याचा त्याचा. वर्षाच्या पडद्यावर चार्टला वेगळंच स्टोअर हवं, सर्व्हरवर दिवसागणिक किंवा महिन्यागणिक गट पाडून आलेलं. ३६५ बिंदू किंवा १२ खांब. दोन लाख बिंदू हजार-बाराशे पिक्सेलच्या रुंदीत काढून नुसता पट्टा दिसतो, त्यातून कुणाला काही कळत नाही.

गट पाडताना फॅटची सरासरी कशी काढताय ते तपासा. एकाचं १० लिटर दूध ६.० फॅटचं आणि दुसऱ्याचं ४० लिटर ७.० चं असेल, तर साधी सरासरी ६.५ येते. टाकीत मिसळलेल्या दुधाची फॅट मात्र ६.८ लागेल, कारण जास्त दूध ७.० चं आहे. लिटर गुणिले फॅट, त्यांची बेरीज, भागिले एकूण लिटर, असंच करायला हवं. एक्स्टचा तयार ‘ॲव्हरेज’ साधी सरासरी देतो, म्हणून समरीला स्वतःचं फंक्शन द्या, आणि सर्व्हरवरच्या क्वेरीतही तेच सूत्र. शिवाय गाय आणि म्हैस एका रेषेत नको. सहा-सातच्या म्हशीच्या दुधात साडेतीनचं गाईचं मिसळलं की रेषा मधेच कुठेतरी तरंगते आणि ती कुणाच्याच दुधाची नसते.

फॅट नोंदवली गेली नाही त्या दिवसाचं काय? वीज नव्हती, मशिन बंद होतं, असं होतंच. अंकी फील्ड रिकामी जागा शून्य धरतं, आणि चार्टमध्ये रेषा तळाला आपटून वर येते. बघणाऱ्याला वाटतं त्या दिवशी पाणीच घातलं. फील्डला ‘अलाउ नल’ लावा म्हणजे रिकामं ते रिकामंच राहतं आणि रेषेत तिथे खंड दाखवता येतो. वरची लिटर गुणिले फॅट वाली बेरीज करताना त्या दिवसाचे लिटरही वगळा.

चार्टचा प्रकार निवडायला फार डोकं लावू नका. रोजच्या लिटरसाठी सकाळ-संध्याकाळ एकावर एक रचलेले खांब, फॅटसाठी रेषा, आणि दोन्ही वेगवेगळ्या चौकटीत. एकाच चार्टला डावीकडे लिटर आणि उजवीकडे फॅट असे दोन अक्ष लावले की लोक नसलेला संबंध बघायला लागतात. खांबांचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. फॅटच्या रेषेला ते बंधन नाही, तिथे म्हशीसाठी पाच ते आठ एवढाच भाग दाखवलात तर चढउतार निदान दिसतो. उत्पादकांचा पाय चार्ट मागितला गेला तर नम्रपणे टाळा. तीनशे फाकांतून कुणालाच आपली फाक सापडत नाही.

मराठी लेबलांबद्दल एक. एक्स्टचे चार्ट कॅनव्हासवर काढले जातात, आणि एकदा काढलेलं अक्षर मागाहून फाँट उतरला म्हणून आपोआप बदलत नाही. ग्रिडमधली अक्षरं नीट आणि चार्टमधली वेगळ्याच वळणाची दिसली, तर फाँट पूर्ण येईपर्यंत थांबून मग चार्ट काढा. ब्राउझर ‘डॉक्युमेंट फाँट्स रेडी’ने ते कळवतो.

दर आणि रकमेबाबत एक सूचना, ती टूलकिटपेक्षा धंद्याची आहे. रक्कम ब्राउझरमध्ये लिटर गुणिले दर करून काढू नका. दरपत्रक मधेच बदलतं, आणि मग मागची बिलं पुन्हा उघडली की नव्या दराने दिसतात. त्या दिवशी लागलेला दर त्या नोंदीतच साठवा. संस्था नंदिनीच्या, म्हणजे कर्नाटक दूध महासंघाच्या, साखळीत असेल तर कर्नाटक सरकारचं लिटरमागे मिळणारं प्रोत्साहनधनही आहे. ते थेट उत्पादकाच्या खात्यात जातं, म्हणून बिलाच्या रकमेत मिसळू नका, दाखवायचं तर वेगळा कॉलम करा. दूध कोल्हापूरच्या बाजूला जात असेल तर तो कॉलम लपवता आला पाहिजे.

राहिला टूलकिट बदलायचा मुद्दा. लायसन्स हातात आहे, टीमला एक्स्ट येतं, तर तिथेच राहा. ग्रिड, समरी, चार्ट, फॉर्म सगळं एका घरचं मिळतं. लायसन्स नसतं आणि एकाच संस्थेचं छोटं काम असतं, तर मीही टॅब्युलेटर आणि चार्ट जेएस घ्या म्हटलं असतं, दोन्ही फुकट वापरता येणाऱ्या एमआयटी परवान्याची आहेत. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे, पण ओळींचे गट पाडणं आणि पिव्हट विकतच्या आवृत्तीत. दूध संस्थेचे रिपोर्ट गटांवरच चालतात, म्हणून ते आधी बघून घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी जेसन आणि मॉडेल, मग रेंडरर, मग ग्रिडची उंची, आणि चार्ट सगळ्यात शेवटी. पहिलं झालं की सॉर्टिंग आणि बेरीज त्याच दिवशी सुधारलेली दिसेल. एक्सेलसाठी सीएसव्ही काढाल तेव्हा फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी खूण) टाका, नाहीतर एक्सेल उत्पादकांच्या नावांचा चिखल करतं, आणि त्या फाइलमध्ये रेंडरर न लावलेली साधी संख्याच जाऊ द्या. उंची लावूनही स्क्रोल अडखळत असेल तर ब्राउझरच्या परफॉर्मन्स टॅबमधलं दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग आणि कॉलमची व्याख्या पाठवा. एखाद्या रेंडररमध्ये काहीतरी जड चाललं असेल, ते त्यात लगेच दिसतं.